वच्छलाबाईचं कोंबडखत

खजुरीच्या राघोबाला कोंबडीची किळस होती. नुसती नावड म्हणावी अशी ती गोष्ट नव्हती. कोंबडी जवळून गेली की त्याच्या अंगावर काटा यायचा आणि तोंडात पाणी सुटायचं, ओकारीच्या आधी सुटतं तसलं. तिची खवल्याखवल्यांची पिवळी तंगडी, डोळ्यावर खालून वर चढणारी पातळ पापणी, पंखाखाली वळवळणाऱ्या पिसवा, सगळंच त्याला नकोसं वाटे. माणसानं थुंकलेलं, गुरानं टाकलेलं, लेकरानं केलेलं, काहीही ती चोच मारून गिळते आणि वर मान वाकडी करून तुमच्याकडं बघते, असं तो म्हणायचा. वीस वर्षांमागं त्यानं गळ्यात तुळशीची माळ घातली, तेव्हा मटण सोडणं त्याला जड गेलं. कोंबडी सुटली याचा मात्र त्याला आनंदच झाला.

अशा माणसाच्या घरात सून आली ती कोंबड्या घेऊन. लग्नानंतरच्या दुसऱ्या पंचमीला वच्छलाबाई कोहिनूरला माहेरी गेली आणि येताना डोक्यावर बांबूचं डालगं घेऊन आली. त्यात चार कोंबड्या आणि एक कोंबडा होता. राघोबानं ओसरीवरूनच ते बघितलं आणि उठून देवळात जाऊन बसला.

घरात माणसं तीनच. मुलगा अंकुश गुलबर्ग्याला गिरणीत होता, दोन-दोन महिने तिकडंच असायचा. राघोबा, त्याची बायको राजूबाई आणि सून. सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. जे सांगायचं ते ती सासूला सांगायची आणि राजूबाई ते राघोबाच्या कानावर घालायची. कोंबड्या कशासाठी आणल्या, हेही त्याला असंच कळलं.

गोष्ट मळ्याची होती. विहिरीखाली त्यांचा अर्ध्या एकराचा मळा होता. वर वीतभर पांढरट माती, खाली मुरूम. विहिरीला पाणी होतं, पण माती ते धरून ठेवत नव्हती. सकाळी दिलेलं पाणी दुपारी कुठं गेलं ते कळायचं नाही. गुरांचं शेण निम्मं गोवऱ्यांत जायचं आणि निम्मं ज्वारीच्या रानात. मळ्याच्या वाट्याला काही येत नसे. वांगी लिंबाएवढी व्हायची आणि आतून किडायची. मिरचीची रोपं उभ्या उभ्या सुकायची, कारण खाली हुमणी मुळं खात बसलेली असायची, करंगळीएवढी पांढरी, गुबगुबीत.

वच्छलाबाईच्या आईचा कोहिनूरला असाच मळा होता. तिनं त्याचे दोन भाग केले होते. एका भागाला काट्यांचं कुंपण घालून त्यात कोंबड्या सोडायच्या, खाली पाला, भुसा, गुरांपुढचं चघाळ पसरायचं. कोंबड्या दिवसभर ते उकरतात, हुमणी वेचतात आणि शीट टाकतात. दुसऱ्या भागात भाजी लावायची. पुढच्या साली कोंबड्या तिकडं आणि भाजी इकडं. तसं इथं करायचं, असं सुनेचं म्हणणं होतं.

"तो गू आपण खायाचा व्हय?" राघोबानं बायकोला विचारलं.

"शेणाची भाजी खातोच की," राजूबाई म्हणाली.

"शेण गाईचं असतंय."

यावर राजूबाईनं जास्त वाद घातला नाही. दिवाळीला अंकुश आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं, आणि त्यानं दोन दिवसांत तुराट्या नि बाभळीच्या काट्या रोवून निम्म्या मळ्याला कुंपण घातलं. कोपऱ्यात मातीचं खुराडं बांधून दिलं. पोरगं राबत होतं, बाप पाठ फिरवून मोट हाकत होता.

पहिलं वर्ष वाईट गेलं. माहेरी खत पसरताना वच्छलाबाईनं बघितलं होतं, मुरवताना बघितलं नव्हतं. तिनं ताजी शीट टोपलीनं गोळा करून मिरचीच्या बुडाशी घातली. आठ दिवसांत पानं कडेनं करपली आणि पंधरा दिवसांत वाफेच्या वाफे वाळून गेले. राघोबाला मनातून बरं वाटलं. भजनाला गेल्यावर त्यानं चार जणांना ते सांगितलंही. सून मात्र रडत बसली नाही. बाजारात भेटलेल्या माणसाबरोबर तिनं आईला निरोप धाडला. आईचा उलटा निरोप आला की कोंबडीची शीट ऊन असते, ती पाला नि राख घालून तीन महिने खड्ड्यात मुरवायची, मधून मधून खालवर करायची.

मग मळ्यात खड्डा आला. श्रावणात त्या खड्ड्यातून असा वास उठायचा की तो नाकाला कळायच्या आधी डोळ्यांना झोंबायचा. मोटेवर उभं राहिलं की वारा नेमका तिकडूनच येई. चिखलात पाय टाकला की बोटांच्या बेचक्यात ते हिरवं-पांढरं बुळबुळीत यायचं, आणि राघोबा पाय दगडावर घासून घासून सोलून घ्यायचा. त्यात सुनेनं आणखी एक काढलं. एका गाडग्यात शेण नि धाटं कोंबून ते संध्याकाळी वारुळाजवळ पालथं घालायची. सकाळपर्यंत गाडगं वाळवीनं खदखदलेलं असे. ते ती कुंपणात उलटं करायची आणि कोंबड्या त्यावर तुटून पडायच्या. राघोबानं एकदाच ते बघितलं. त्या दिवशी त्याला भातसुद्धा गेला नाही. शितं हलताहेत असं वाटलं.

पण दुसऱ्या हिवाळ्याला माती बदलली. ती काळसर झाली, मुठीत दाबली तर गोळा व्हायची. सकाळचं पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत टिकू लागलं. वांगी तळहातात मावेनात. आळंदच्या बाजारात राजूबाईची पाटी दुपारच्या आत रिकामी होऊ लागली, आणि बायका विचारायच्या की कुठल्या मळ्यातली. राघोबानं त्यातलं एक वांगं तोंडात घातलं नाही. स्वतःच्या मळ्यात भाजी माजलेली असताना तो दुसऱ्याच्या मळ्यातली सुकलेली भेंडी विकत आणवायचा आणि ती वेगळ्या गाडग्यात शिजवायला लावायचा. कोंबड्या आता एकोणीस झाल्या होत्या.

त्या साली पौष महिन्यात अंमलदार दौऱ्यावर आले. गावापासून कोसभर आमराईत त्यांच्या राहुट्या पडल्या. असा दौरा आला की आजूबाजूच्या गावांनी दूध, तूप, लाकूड, भाजी, कोंबड्या पोचवायच्या, ही निजामाच्या मुलखातली रीत. त्याला कुणी काही विचारत नसे. पाटलाचे निरोप घेऊन हिंडणारा गावचा सनदी गुरप्पा सकाळीच मळ्यात आला. राजूबाई आणि वच्छलाबाई आळंदला बाजारात गेल्या होत्या. राघोबा एकटाच होता.

गुरप्पा म्हणाला, दोन कोंबड्या आणि टोपलंभर वांगी पाहिजेत.

राघोबानं कुंपणाकडं बघितलं. आत एक कोंबडी अंडं फोडून आपलाच बलक खात होती.

"दोन कामून? सगळ्या ने," तो म्हणाला.

गुरप्पाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "साहेबाला दोन बस हायत, अण्णा. तुमच्या सुनेच्या हायत न्हवं त्या?"

"घर माझं हाय. सगळ्या ने म्हणालोय तर ने."

 मग गुरप्पा म्हणाला की एकोणीस कोंबड्या आणि वांगी एका माणसाला नेता येणार नाहीत, एक डालगं तुम्हांला घ्यावं लागंल. राघोबानं तेही कबूल केलं. गुरप्पानं एकेक कोंबडी धरून पाय बांधले. खुराड्यात एक कबरी कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिनं त्याचा हात फोडला, पण तीही गेली.

आमराईपर्यंतची वाट राघोबा जन्मात विसरला नाही. डालग्याच्या फटींतून गरम, पातळ शीट त्याच्या पटक्यात उतरली, पटक्यातून कपाळावर, कपाळावरून भुवईत. दोन्ही हात डालग्याला, पुसायची सोय नाही. तो तोंड मिटून चालत होता आणि मनाला सांगत होता की ही शेवटची, आता संपलं.

आमराईत झाडाझाडाखाली चुली पेटल्या होत्या. चार गावांची भाजी एका ढिगात पडली होती आणि त्यावरून माणसं, घोडी, कुत्री चालत होती. त्याच्या मळ्यातली वांगी त्याच्यासमोर तिथं ओतली आणि एक शिपाई त्यावर पाय देऊन पलीकडं गेला. दुधाच्या चरव्या उन्हात नासल्या होत्या, कडेला माशांची काळी साय बसली होती. अंमलदार कुठं दिसत नव्हते. होता तो त्यांचा कारकून, पेशकार, अत्तर लावलेला रुमाल हातात घेतलेला, आणि त्याच्याभोवती दौऱ्याबरोबर फुकटचं खायला आलेली पंचवीस-तीस माणसं.

साहेबासाठी दोन कोंबड्या बाजूला काढल्या. उरलेल्यांवर बाकीचे तुटून पडले. एका कोंबडीवर दोघांचा दावा होता. एकानं पाय धरला, दुसऱ्यानं पंख, आणि दोघं हसत ओढत राहिले तोवर पंख उखडून आला. कोंबडी तशीच मातीत फिरत राहिली. तांबड्या कोंबडीचं पोट चिरलं तेव्हा आतून बलकांची माळ बाहेर आली, ज्वारीच्या दाण्याएवढ्यापासून लिंबाएवढ्यापर्यंत. एका शिपायानं पैज लावून त्यातला मोठा बलक कच्चाच ओठात धरून फोडला आणि पिवळं तोंड बाहीला पुसलं. बाकीची माळ कुत्र्यांना टाकली.

राघोबा आंब्याच्या बुंध्याला धरून ओकला.

सगळे हसले. पेशकारानं त्याच्या गळ्यातली माळ बघितली. "माळकरी दिसतोस. आणि एवढ्या कोंबड्या? एकेकाची भक्ती असते," तो म्हणाला. मग त्यानं गुरप्पाला सांगितलं, "हा माणूस लक्षात ठेव. बाकीचे दोनांसाठी रडतात, यानं न मागता सगळ्या दिल्या. पुढच्या दौऱ्याला पहिल्यांदा याच्याच दारात जायचं."

घरी येऊन राघोबानं विहिरीवर अंग घासलं. दिवस कलता सासू-सुना आल्या. वच्छलाबाई पाटी टेकवून सरळ मळ्यात गेली आणि रिकाम्या कुंपणात शिरून खुराड्यात डोकावली. मग ती घरात आली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि लग्नानंतर पहिल्यांदा सासऱ्याशी समोरासमोर बोलली.

"मामा, कबरी अंड्यावर बसली होती. पंधरा दिवस झाले होते. तिची अकरा अंडी तशीच हायत. त्याचं काय करायचं ते तुमीच सांगा."

 राजूबाईनं त्याला जेवायला वाढलं, पण नेहमीसारखी समोर बसली नाही.

त्या दिवसापासून वच्छलाबाई सांगितलेलं काम करायची आणि थांबायची. खड्ड्यातलं खत कुणी खालवर केलं नाही. अंडी कुणी काढली नाहीत. राघोबा वाट बघत होता की बायकांपैकी कुणीतरी ती उचलेल. नवव्या दिवशी दुपारी खुराड्यात फट्ट असा आवाज झाला आणि वास मोटेपर्यंत आला. तो वास मग हललाच नाही. दोन दिवस सोसून राघोबा स्वतः नाकाला फडकं बांधून, गुडघ्यावर बसून, खुराड्यात हात घालून एकेक अंडं टोपलीत ठेवू लागला. चौथं त्याच्या बोटांत फुटलं. काळं-हिरवं पाणी मनगटापर्यंत आलं आणि त्यात पिलू होतं, डोळे मोठाले, अंगावर ओली लव, चोच झालेली. ते तळव्याला चिकटलं. त्याला ते झटकून टाकायचं होतं, पण झटकता येईना. आजवर किळस आली की तो तोंड फिरवून निघून जायचा. देऊळ होतं, मोट होती. आता हात त्याचाच होता आणि केलेलंही त्याचंच होतं. त्यानं बाकीची अंडीही काढली, मळ्याच्या टोकाला खड्डा करून पुरली आणि तिथंच मातीत हात खुपसून बसला.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता तो कोहिनूरला निघाला. दिवसभराची वाट. वच्छलाबाईची आई सोजराबाई दारात चुलीला लाकूड फोडत होती. एकट्या व्याह्याला बघून तिला वाटलं लेकीचं काही बरंवाईट झालं. राघोबानं पाणीसुद्धा न घेता झालेलं सगळं सांगितलं, सगळ्या ने म्हणालो तेसुद्धा.  सोजराबाई चिडली असेल, पण व्याही दारात उभा होता.

"मला त्यांची लई किळस येती," राघोबा शेवटी म्हणाला. "ती काही जायची न्हाई."

"नका जाऊ देऊ," ती म्हणाली. "नाक दाबून पाळल्या तरी पाळल्या जात्यात, इवाई. कोंबडीला तुमचं तोंड बघायचं नसतंय."

तिनं सहा कोंबड्या नि एक कोंबडा दिला, आणि पाय बांधून उलट्या टांगून नेऊ नका एवढं बजावलं. राघोबानं डालगं डोक्यावर घेतलं आणि परत सगळी वाट कपाळावर शीट झेलत आला. खजुरीत पोचला तेव्हा देवळापुढं माणसं बसलेली होती. भजनातल्या श्रीपतरावानं त्याच दिवशी सांगितलं की राघोबा, राग मानू नको, पण आता पायरीजवळ बसत जा, तुझ्या धोतराला वास येतो. राघोबाला त्याचा राग आला नाही. वास येतच होता.

वच्छलाबाईनं कोंबड्या उतरवून घेतल्या. कुठून आणल्या ते तिनं विचारलं नाही; आईची शेपटीला निळी झाक असलेली कोंबडी तिनं ओळखली. दुसऱ्या सकाळी तिनं खड्ड्यातलं खत खालवर करायला घेतलं.

वर्ष फिरलं. कोंबड्या परत पंधरावर गेल्या, कुंपण दुसऱ्या निम्म्यावर सरकलं, आणि पौषात बातमी आली की दौरा निघाला आहे. त्याच सुमाराला एका पहाटे मुंगसानं कुंपणात शिरून एक कोंबडी मारली. वच्छलाबाई ती पुरायला निघाली तर राघोबानं तिला राहू दे म्हटलं. ती मेलेली कोंबडी त्यानं काठीनं उचलून टोपल्याखाली झाकली आणि टोपलं उन्हात ठेवलं. सासू-सुनेनं एकमेकींकडं बघितलं. पाच दिवस मळ्यात जाताना दोघी पदर नाकाला लावून जात होत्या.

सहाव्या दिवशी गुरप्पा आला. बरोबर पेशकार होता, दोन शिपाई होते. पेशकार चांगला खुशीत होता. "काय माळकरी, किती काढून ठेवल्यास?" त्यानं बांधावरूनच विचारलं.

राघोबानं टोपलं उचललं. त्यानं फडकं बांधलं नव्हतं. त्यानं ती कोंबडी उघड्या हातानं तंगडीला धरून उचलली. तंगडीचं कातडं त्याच्या मुठीत सुटून आलं, तशी त्यानं वरून धरली. ती फुगली होती, पिसं ओली होती, आणि पोटाखालून आळ्या टपटप गळत होत्या. तो ती घेऊन सरळ पेशकाराकडं चालत गेला.

"मानमोडीची साथ आलीय साहेब. रोज दोन-चार मरायल्यात. ही घ्या. बाकीच्या बी न्या, आज चालत्या हायत."

दोन आळ्या पेशकाराच्या बुटावर पडल्या. त्यानं रुमाल तोंडावर दाबला आणि इतक्या झटक्यानं मागं सरला की बांधावरून खाली बसला. कुंपणातल्या कोंबड्या त्याच वेळी चांगल्या धडधाकट आवाजात कलकलत होत्या. गुरप्पानं तो आवाज ऐकला. राघोबाकडं बघितलं, कुंपणाकडं बघितलं.

"मानमोडीच हाय, साहेब," तो म्हणाला. "माणसालाबी लागती म्हणत्यात."

"भाजी?" एका शिपायानं लांबूनच विचारलं.

"ह्याच मातीतली हाय," राघोबा म्हणाला आणि कोंबडी दुसऱ्या हातात घेतली.

ते गेले. ओढ्याच्या पलीकडं टोप्या दिसेनाशा झाल्या तरी राघोबा तसाच उभा होता, हात लांब धरून, बोटं उघडत नव्हती. कुंपणाआडून वच्छलाबाई म्हणाली, "मामा, टाका ते इकडं. आळ्या खातील त्या."

त्यानं ते कुंपणावरून आत टाकलं. कोंबड्या पंख पसरून धावल्या आणि भांडत, एकमेकींच्या चोचीतलं ओढत आळ्या वेचू लागल्या. राघोबा काट्यांना धरून वाकला आणि सकाळची भाकरी सगळी बाहेर आली. दोन कोंबड्या फटीतून माना काढून तीही टिपायला लागल्या. वच्छलाबाईनं पदर तोंडात धरला, पण हसू तिला आवरलं नाही. राघोबा तोंड पुसत म्हणाला की ही जातच घाण आहे.

खोटं बोललो म्हणून त्यानं तीन एकादश्या निराहार केल्या. दौरे पुढंही आले, पण मानमोडीचा मळा म्हणून त्याच्या दारात कुणी आलं नाही. मळ्यातलं वांगं त्यानं कधीच खाल्लं नाही. राजूबाईनं एकदा सांगून बघितलं आणि सोडून दिलं. दरसाल मृग लागायच्या आधी कोंबड्यांचं कुंपण एका निम्म्यातून दुसऱ्यात हलवायचं असे. ते काम तो करायचा. वच्छलाबाई डालग्यात कोंबड्या भरायची, तो काट्या उपटायचा, खालची माती कुदळीनं पलटायचा. हातभर खोल गेलं तरी आता मुरूम लागत नव्हता. एखादी कोंबडी सुटून त्याच्या पायावर येऊन उभी राही, बोटांत काही सापडतंय का ते टोचून बघे. मग तो दात आवळून, आभाळाकडं बघत, ती जाईपर्यंत कुदळ धरून थांबायचा.